पाकोळीसाठी चिखल

तोक्तारला सगळ्या पक्ष्यांची माया, आणि मला त्यातल्या एकाच पक्ष्याचा राग. तो पक्षी म्हणजे पाकोळी. आमच्या मिनीबसमधून दर वसंतात जे पाहुणे येतात ते तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, कारण ती त्यांच्याही गावी असते. माझ्या आयुष्यात मात्र ती नको तितकी घुसली. ज्याच्यामुळे घुसली त्याचं सांगायचंय, पण सुरुवात तिच्यापासूनच करावी लागते.

तोक्तार आमचा वाटाड्या. बस गेन्नादी चालवतो, स्वयंपाक मी करते आणि पक्षी तोक्तार दाखवतो. मे महिना अर्धा सरला की आमची फेरी निघते. आधी अल्माटीच्या वरचे डोंगर, मग बालखाश तळ्याच्या कडेकडेने उत्तरेला नुसता माळ, आणि शेवटी कोर्गाल्झिनची पाणथळ, जिथे तोक्तारचं गाव आहे. पाहुणे बहुतेक म्हातारे असतात, खिशात गुडघ्याच्या गोळ्या आणि गळ्यात दुर्बीण. डोंगरातल्या ओढ्याकाठी वाकड्या लाल चोचीचा एक करडा पक्षी असतो, गोट्यांमध्ये बसला की गोटाच. तो दिसावा म्हणून हे लोक बर्फात पालथे पडतात. मी पहिल्या वर्षी गेन्नादीला म्हटलं होतं, यांच्या घरच्यांना माहितीय का हे इथे काय करतात ते. गेन्नादी म्हणाला, घरच्यांनीच पाठवलं असेल, तेवढीच शांतता.

तोक्तार मात्र त्यांच्याबरोबर पालथा पडायचा आणि तो पक्षी उडाला की असा हसायचा की जणू त्यालाही पहिल्यांदाच दिसला. इंग्रजी तो पाहुण्यांकडूनच शिकला. अल्माटीच्या पक्षी-संशोधन केंद्राने त्याला दोनदा बोलावलं होतं, कायमच्या नोकरीवर. दोन्ही वेळा तो गेला नाही. माळावर घोड्याला लांब दाव्याने बांधतात ना, तसं त्याचं होतं. दाव्याचं एक टोक त्याच्या आईच्या चुलीला, आणि फेरी संपली की तो बरोबर तिथे ओढला जायचा.

त्याची आई बाल्झान आपा. आमच्याकडे आईला आणि मोठ्या बाईला आपाच म्हणतात. तोक्तारच्या आधी तिला तीन मुलं झाली आणि तिन्ही वर्षाच्या आत गेली. चौथं झालं तेव्हा तिने त्याचं नाव तोक्तार ठेवलं, म्हणजे थांबेल तो. आमच्याकडे अशा घरात अशीच नावं ठेवतात. तो थांबला. बाप तळ्यावर मासेमारी करायचा, तो लवकर वारला. मग घरात राहिले ते दोघं, एक गाय आणि दाराआतल्या बंदिस्त पडवीतलं पाकोळीचं घरटं.

पाकोळीचं घरटं असलेलं घर बंद करून जायचं नाही, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. तंबूत राहायचे दिवस होते तेव्हा छताच्या मधल्या गोल कड्यात पाकोळीने घर केलं तर अख्खं बिऱ्हाड पिल्लं उडेपर्यंत तिथेच खोळंबायचं, मग भोवतीचं गवत संपलं तरी. तिने म्हणे माणसाला सापापासून वाचवलं, आणि सापाने चिडून तिच्या शेपटीचा लचका तोडला, म्हणून ती शेपटी दुभंगलेली. जो तिचं घरटं मोडतो त्याच्या घरात मूल टिकत नाही. आपाने आयुष्यात कधी घरटं मोडलं नव्हतं, तरी तिची तीन टिकली नव्हती. म्हणून तर ती चौथ्याच्या बाबतीत जपून होती.

आता माझं. मी विधवा आहे, अल्माटीत राहते, हिवाळ्यात एका शाळेच्या खानावळीत काम करते. माझ्या मुलीला, आयसुलूला, ऐकू येत नाही. तिच्यासारख्या मुलांची शाळा अल्माटीत आहे, तोक्तारच्या गावात नाही. त्यामुळे तोक्तारने जेव्हा डोंगरातल्या मुक्कामावर माझ्याशेजारी बसून बटाटे सोलायला घेतले आणि अर्धा बटाटा सालीबरोबर घालवत लग्नाचं विचारलं, तेव्हा मी आधी हेच सांगितलं. तो म्हणाला, मीच येतो अल्माटीला, आपाला घेऊन येतो, त्या केंद्राला विचारतो. मी म्हटलं, ये, पण बटाट्याला हात लावू नकोस. मला तो मनापासून आवडत होता. आजही आवडतो, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

आपा नाही म्हणाली नाही. ती एवढंच म्हणाली, पडवीतली पिल्लं उडू देत, मग निघू.

पहिल्या वर्षी पिल्लं जुलैत उडाली. तोक्तारने माळ्यावरून पेटी खाली काढली, तेवढ्यात त्याच घरट्यात पाकोळीने पुन्हा अंडी घातली. ती दुसरी पिल्लं उडेपर्यंत ऑगस्ट संपला. मग बटाटे काढायचे होते, मग हिवाळ्यासाठी शेण्या रचायच्या होत्या, मग गारठा पडला, आणि गारठ्यात म्हातारं माणूस कुठे हलवायचं. बर्फ वितळलं आणि पाकोळ्या परत आल्या. दुसऱ्या वर्षी हेच. तिसऱ्या वर्षी गाय व्याली. मी तोक्तारला विचारलं, तू एवढा पक्ष्यांतला माणूस, तुला तरी कळतं ना की हे एक पाखरू आहे आणि त्याला शेजारच्या गोठ्यातही घरटं बांधता येतं. तो म्हणाला, मला कळतं, तू आपाला सांगून बघ.

मी सांगून बघितलं. फोनवर म्हटलं, आपा, एप्रिलपासूनच पडवीचं दार लावून ठेवा, घरटं बांधलंच नाही तर मोडायचा प्रश्न नाही. ती म्हणाली, "पोरी, तू इतक्या लांबून आलीस आणि मी दार लावून घेतलं तर?" फोन ठेवून मी भांडी जोरात घासली.

चौथ्या वसंतात निघताना मी तोक्तारला स्पष्टच सांगितलं. तराझचा एक कांद्याचा व्यापारी माझ्या मावसबहिणीमार्फत विचारत होता, घर होतं, माणूस बरा होता, आयसुलूलाही घेऊन ये म्हणत होता. मी म्हटलं, ही फेरी शेवटची. आपा या बसमधून माझ्याबरोबर आली तर आली, नाहीतर मी कांदे सोलायला जाते. गेन्नादी पुढून म्हणाला, बरंच आहे, रडायला रोज निमित्त मिळेल. तोक्तार हसला नाही. तो म्हणाला, मागची खिडकीजवळची सीट मोकळी ठेव.

ती सीट मी सगळी वाट राखली. पिठाची पोती पायाशी घेतली, पातेली मांडीवर घेतली, पण तिथे काही ठेवू दिलं नाही. वीम नावाचे एक हॉलंडचे आजोबा होते, त्यांनी आपली तिपाई तिथे ठेवली तर मी उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी खुणेने विचारलं, कोणाची जागा. मी डोक्यावर रुमाल बांधल्याची खूण केली आणि पाठीत वाकून दाखवलं. त्यांना वाटलं मी माझं भविष्य सांगतेय.

जिथे फोन लागेल तिथून तोक्तार आईला फोन करायचा. तब्येत नंतर, आधी विचारायचा, पाकोळ्या आल्या का. डोंगरातून विचारलं तर आपा म्हणाली, आल्या नाहीत. बालखाशला आम्ही रस्त्याकडेला धुरी दिलेले मासे घेत होतो आणि समोरच्या तारांवर पाकोळ्यांची रांग लागली होती. तोक्तारने तिथून विचारलं. आल्या नाहीत. तो हातातला मासा तसाच धरून तारांकडे बघत राहिला. म्हणाला, एव्हाना यायला हव्यात. मी म्हटलं, रस्ता चुकल्या असतील, आणि माझा मासा संपवून त्याचाही खाल्ला.

पुढचा माळ मला त्या वर्षी पहिल्यांदा सुंदर वाटला. पाहुणे नेहमी म्हणतात की इथे नजर कुठे अडत नाही, इथला माणूस किती मोकळा असेल. मला ते ऐकून हसू यायचं, कारण त्यांना हे सगळं दाखवणारा माणूस संध्याकाळी टेकाडावर चढून, फोन उंच धरून आईला पाखराची चौकशी करायचा. पण त्या वेळी मी खुशीत होते. वीम आजोबांना हवी असलेली टिटवी सापडली, माळावर ट्यूलिप होते, आणि मी कारण नसताना परातभर बाउरसाक, म्हणजे पिठाचे फुगीर गोळे, तळले. टेकाडावरून उतरून तोक्तार म्हणाला, "आपा म्हणते, यंदा त्या येणारच नाहीत, काळजी करू नकोस. तिला कसं कळलं?" मी त्याच्या तोंडात गरम बाउरसाक कोंबला.

पाणथळीत आम्ही तळ्याकाठी तंबू टाकले. रोहित पक्षी आले, पाणकोळी आले, पाहुणे तृप्त झाले. शेवटचा मुक्काम नेहमी तोक्तारच्या घरी असतो. आम्ही पोचलो तेव्हा वारा सुटला होता आणि आकाशात एक पाखरू नव्हतं. आपा दारात उभी होती. मागे पेटी बांधून तयार होती, गाय शेजाऱ्यांना दिली होती. पडवीला पांढराशुभ्र चुना लावला होता, आणि ज्या तुळईखाली घरटं असायचं तिथे काही नव्हतं.

"हिवाळ्यात पडलं," आपा म्हणाली. तोक्तारने भिंतीवर हात ठेवला. बोटांना चुना लागला. तो त्याने पँटला पुसला आणि पाहुण्यांच्या बॅगा उतरवायला गेला.

चहाचा समोवर पेटवायला मी मागे गोठ्याकडे शेण्या आणायला गेले. राखेच्या ढिगात मला ते घरटं दिसलं, काठी बसून फुटलेलं. जुना भाग करडा आणि कडक होता. वरची कड काळपट होती, नखाने दाबली तर खोल रुतली. पीठ ताजं की शिळं हे मला बोट लावून कळतं, चिखलही त्याहून वेगळा नसतो. त्यात घोड्याचा एक नवा केस होता, चकचकीत. मी वळले तर आपा मागे उभी होती.

"आल्या होत्या," ती म्हणाली. "नेहमीच्या वेळेला आल्या. डागडुजी काढली त्यांनी. मी पाडलं."

मी विचारलं, "आपा, तुम्ही? का?"

"जन्मला तेव्हा मी त्याला म्हटलं, थांब. तो थांबलाच आहे. मी म्हटलं ते मलाच मागे घ्यायला हवं ना." मग तिने माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता. "पाप माझं आहे, तुझ्या मुलीला लागायचं नाही. फक्त एक कर. तिथे त्याला वाऱ्यात फिरू देऊ नकोस. काही आलं तर ते आधी त्याच्यावर येईल."

मी ते तुकडे पायाने राखेत ढकलले आणि वर शेणीचा चुरा टाकला. मला तिची दया आली, पण त्याहून जास्त आनंद झाला होता, आणि तो मी त्या वेळी आवरला नाही.

जेवताना तोक्तारला चुन्याने ठसका लागला. आपाने हातातला चहाचा वाडगा खाली ठेवला. तिने उठून त्याच्या कपाळाला हात लावला. पुढचा ठसका आला तेव्हा पुन्हा लावला. मग त्याचा घास घशाखाली जाईपर्यंत ती त्याच्या गळ्याकडे बघायला लागली. पाहुण्यांना ते फार गोड वाटलं, कोणीतरी फोटोही काढला. तोक्तारने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चहात पाहिलं.

सकाळी ऊन स्वच्छ होतं. सामान चढलं. आपा मखमली बंडी घालून, पांढरा रुमाल बांधून त्या राखलेल्या सीटवर बसली, आणि मला वाटलं झालं, सुटलो. तोक्तारने दाराला कुलूप लावलं. तो किल्ली खिशात घालतोय तोच पाकोळीची जोडी आली. दोघी दारावरच्या फटीशी फडफडल्या, मागे गेल्या, पुन्हा आल्या. पाहुण्यांनी सवयीने दुर्बिणी उचलल्या. वीम आजोबांनी लगेच खाली घेतली आणि म्हणाले, ही तर आमच्या गोठ्यातही असते. सगळे हसले.

तोक्तारला दुर्बीण लागली नाही. जोडीतल्या एकीच्या चोचीत चिखल होता, तो त्याला तसाच दिसला. पहिल्यांदा येणारी जोडी आधी जागा बघते, चिखल घेऊन सरळ दारावर येत नाही, हे त्याने मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. तो बसकडे वळला. आपा समोरच्या सीटचा दांडा धरून नाकासमोर बघत होती. तो तिच्या खिडकीशी आला.

"आपा, घरटं तू पाडलंस?"

ती गेन्नादीला म्हणाली, "गाडी काढ. उशीर होतोय." गेन्नादीने आयुष्यात कधी कोणाची मर्जी राखली नाही, पण त्याने चावीवरचा हात काढून घेतला.

"मी सोडवलं होतं रे तुला," आपा म्हणाली. ती अजूनही समोरच बघत होती.

"कळलं मला, आपा."

त्याने जाऊन कुलूप काढलं. दार उघडून त्याला वीट लावली. मग हातपंपावरून बादली भरून आणली, उंबऱ्यासमोरच्या कोरड्या मातीवर ओतली आणि बुटाने ती माती कालवली. वाकून, नीट, सगळीकडून. पाहुणे बघत होते आणि त्यांना काही कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं.

नंतर तो माझ्या खिडकीशी आला. "रात्री बघितलंस ना तिच्याकडे? अशीच ती तिथे बसेल, तुझ्या खोलीत, रोज, माझा श्वास मोजत. या जोडीच्या नव्या घरट्यातून पिल्लं उडाली तर तिच्या मनावरचं उतरेल. मग येतो."

"मग दुसरी अंडी," मी म्हटलं. "मग बटाटे. मग शेण्या."

तो हसला. मी हसले नाही. मी त्याला म्हटलं की तू बांधलेला नाहीस, तुला बांधून घ्यायचंच आहे, दावं तूच तोंडात धरून फिरतोस. तो म्हणाला, असेल. त्याने आईला हात देऊन उतरवलं. तिची पेटी उतरवली. उतरताना आपाने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही तिच्याकडे पाहिलं नाही. पाहुण्यांना राजधानीच्या विमानतळावर गेन्नादीने आणि मी, आम्ही दोघांनीच सोडलं. परतताना मी पिठाची पोती उचलून त्या सीटवर ठेवली. बालखाशच्या पुढे कुठेतरी गेन्नादी म्हणाला, कांदेवाल्याला फोन लावू का, आणि मी रडायला लागले. त्याने गाडी कडेला घेतली, खाली उतरून सिगरेट ओढली आणि मी गप्प होईपर्यंत आत आला नाही.

जुलैत पिल्लं उडाली. तोक्तारने मला फोन करून सांगितलं, आपाही मागून काहीतरी म्हणाली, तिचा आवाज हलका झाला होता. दुसरीही उडाली. मी आयसुलूला खुणेने सांगितलं आणि तिने त्याच्यासाठी कपाटातला एक खण रिकामा केला. सप्टेंबरात आपा पंपाजवळ पडली. डावी बाजू गेली, वाचाही गेली. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, हिला लांबच्या प्रवासाला हलवायचं नाही, आता कधीच नाही. कांदेवाल्याला मी नकार कळवला. मावसबहीण का म्हणून विचारत राहिली, तिला आजवर उत्तर दिलेलं नाही.

या वसंतात पुन्हा फेरी झाली. डोंगर, माळ, पाणथळ. तोक्तार पुन्हा बर्फात पालथा पडला आणि तसाच हसला. फेरीपुरती एक शेजारीण आपाकडे राहते. शेवटच्या दिवशी तो पाहुण्यांना घेऊन तळ्यावर थांबला आणि स्वयंपाकासाठी मी पुढे घरी आले. आपाचं अंथरूण खिडकीशी आहे, तिथून पडवी दिसते. दाराला वीट लावलेली होती.

यंदा पाऊस नव्हता. हातपंप मोडला होता, पाणी शेजारणीने टाकीवरून कॅनमध्ये आणून ठेवलं होतं. पाकोळीची जोडी पंपाशी जायची, कोरडी माती टोचायची आणि रिकाम्या चोचीने तुळईवर येऊन बसायची. मी कांदा चिरत होते. आपाने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. बोलता येत असतं तरी ती बोलली नसती.

मी पाकोळीला अशी शिवी दिली जी मोठ्या माणसांसमोर देत नाही. मग बटाटे धुतलेल्या पाण्याचं घमेलं उचललं, बाहेर नेलं आणि उंबऱ्यासमोर ओतलं. चप्पल काढली आणि माती पायाने कालवली, वाकून, नीट, सगळीकडून, तोक्तारने कालवली होती तशी. मी बाजूला व्हायच्या आतच पाकोळी खाली उतरली.